दगडात भरलेली वीज

चांदवड तालुक्यातल्या कुठल्याही मळ्यात जा, पडवीतल्या खुंटीला फवारणीचा पंप टांगलेला दिसेल. त्याच्या बुडाशी १२ व्होल्टची लहानशी बॅटरी असते. बांधावर जनावरांना अटकाव करायला झटका मशीन लावलेलं असेल तर तेही १२ व्होल्टवरच चालतं, आणि त्याच्या डोक्यावर सोलरची पाटी असते. रात्रपाळीच्या लाइटशी वर्षानुवर्षं झगडलेल्या या भागाला खांबावरच्या तारेपासून सुटी झालेली वीज काही नवी नाही.

मग त्याच्याही एक पाऊल पुढं का जाऊ नये? सातमाळा रांगेतले कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि खुद्द चांदवडचा किल्ला इथल्या उशाशी उभे आहेत. समजा राजधेरच्या गुहेत मुक्काम ठरला. सगळ्यांचे फोन, दोन-तीन कॅमेरे, पिठलं ढवळताना लागणारा उजेड, रात्री तारे बघायला आणलेली दुर्बीण. एवढ्यासाठी गडावर जनरेटर नेणं मला तरी पाप वाटतं. त्याऐवजी हातात धरून नेता येईल अशी विजेची पेटी घरीच बांधायची. चार सेल, त्यांना सांभाळणारं एक सर्किट, एक फ्यूज, छोटा इन्व्हर्टर, यूएसबीची सॉकेटं आणि हे सगळं मावेल असा हार्डवेअरच्या दुकानातला प्लॅस्टिकचा टूलबॉक्स. ज्याला पाना नीट धरता येतो आणि घाई न करता काम करता येतं, त्याला हे जमतं.

सामान साधं आहे. पण त्या टूलबॉक्समध्ये आपण नेमकं काय भरणार आहोत?

३.२ व्होल्टचे आणि ३० अँपिअर-तासांचे चार सेल घेऊ. एकामागे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. १२.८ गुणिले ३० म्हणजे ३८४ वॉट-तास. लाइट बिलावर जे ‘युनिट’ असतं ते १,००० वॉट-तासांचं. म्हणजे आपल्या अख्ख्या पेटीत अर्धं युनिटसुद्धा नाही! भरायला फार तर तीन-चार रुपयांची वीज लागेल.

आता हीच ऊर्जा दुसऱ्या मापानं मोजू. ७० किलोचा माणूस सरळ वर उचलायचा ठरवला आणि थेंबभरही ऊर्जा वाया जाऊ दिली नाही, तर या पेटीतली वीज त्याला २,००० मीटर उंच नेईल. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटरवर आहे. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या धडधाकट माणसाला महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याच्याही वर नेऊन ठेवण्याची ताकद, तीही चहाच्या अर्ध्या कपाच्या किमतीत, आणि ती ज्या सेलमध्ये भरली आहे त्यांचं वजन तीन किलोच्या आसपास! इंद्राईच्या पायऱ्या चढताना धापा टाकणाऱ्या कोणालाही हा हिशेब पटकन खरा वाटणार नाही. पण जूल, किलो आणि मीटर घेऊन स्वतः मांडून बघा. तो चुकत नाही.

एवढी ताकद तीन किलोंत बसते तरी कशी? त्यासाठी सव्वादोनशे वर्षं मागं जावं लागतं, आणि गंमत म्हणजे तिथंही चांदवड भेटतं.

होळकरांच्या काळात चांदवडला टाकसाळ होती. ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा ठसा असलेले, बादशहा शाहआलमच्या नावाचे चांदीचे रुपये तिथं पाडले जात. हे चांदवडी रुपये दूरवर चालायचे. त्याच काळात, २० मार्च १८०० रोजी, इटलीतल्या कोमो गावाहून आलेस्सांद्रो व्होल्टानं लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, पुन्हा पुठ्ठा. अशी उतरंड रचली आणि दोन टोकांना हात लावले की झटका बसतो, आणि तो बसतच राहतो, असं त्यात म्हटलं होतं. जगातली पहिली बॅटरी ती हीच. पत्राची बातमी कळताच लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी चक्क खिशातली चांदीची नाणी काढून तसा मनोरा रचला आणि काही आठवड्यांत त्या विजेनं पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन तुकडे करून दाखवले.

म्हणजे पुरेसे चांदवडी रुपये, तेवढेच जस्ताचे तुकडे आणि मिठाचं पाणी हाताशी असतं, तर जगातली पहिली बॅटरी चांदवडच्या किल्ल्यावरही उभी राहिली असती. साहित्य सगळं इथं होतं! ही कल्पना मला अजून झोपू देत नाही.

व्होल्टाच्या मनोऱ्यात जस्त हळूहळू खाल्लं जायचं, आणि ते संपलं की खेळ संपला. आपल्या पेटीतल्या सेलमध्ये काहीच खाल्लं जात नाही. तिथं जे घडतं त्याला तोड नाही.

सेलच्या आत दोन घरं असतात. एक ग्रॅफाइटचं, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचं. दुसरं लोह, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचं. या दोन घरांमध्ये लिथियम ये-जा करतं. चार्जिंग करताना लिथियमचे अणू आपापला एकेक इलेक्ट्रॉन सोडतात, आयन होऊन आतल्या द्रवातून पोहत ग्रॅफाइटकडे जातात आणि त्याच्या थरांमध्ये शिरून बसतात. सोडलेला इलेक्ट्रॉन मात्र आतून जाऊ शकत नाही. त्याला बाहेरच्या तारेनं, चार्जरमधून वळसा घालावा लागतो. पेटी वापरताना सगळं उलटं होतं. लिथियम आतल्या वाटेनं परत निघतं आणि इलेक्ट्रॉन पुन्हा बाहेरच्या वाटेनं. हा बाहेरचा वळसा म्हणजेच आपली वीज. त्या वाटेवर दिवा ठेवला तर दिवा लागतो, पंखा ठेवला तर पंखा फिरतो.

कांदाचाळ आठवा. हंगामात कांदा आत भरला जातो, भाव आला की बाहेर काढला जातो, आणि चाळ जागच्या जागी उभी राहते, पुढच्या हंगामासाठी. लिथियमची दोन्ही घरं अशीच आहेत. सहा कार्बन अणूंमागे एका लिथियमला जागा मिळते. भरल्यावर ग्रॅफाइट जरासं फुगतं, रिकामं झालं की पुन्हा बसतं. आणि हे दोन-तीन हजार वेळा! आठवड्यातून दोनदा पेटी वापरली तर ती वीस वर्षांची गोष्ट झाली. तोवर सेल नुसत्या वयानंच म्हातारे होतील.

किती लिथियम ये-जा करतं, सांगा पाहू? ३० अँपिअर-तासांच्या एका सेलमध्ये जेमतेम ८ ग्रॅम. चारही सेल मिळून ३१ ग्रॅम, म्हणजे सराफाच्या हिशेबानं तीन तोळे. एका चांदवडी रुपयाचं वजन साधारण एक तोळा असायचं. तेव्हा तीन रुपयांच्या वजनाचं लिथियम या घरातून त्या घरात गेलं, तर माणूस कळसूबाईच्या वर! लिथियम हा धातूंमधला सर्वांत हलका, सगळ्या मूलद्रव्यांत तिसऱ्या क्रमांकाचा. विश्व जन्मलं तेव्हा पहिल्या काही मिनिटांत जी मोजकी मूलद्रव्यं तयार झाली, त्यांत हायड्रोजन आणि हेलियमच्या मागोमाग चिमूटभर लिथियमही होतं.

आता दुसऱ्या घराकडे वळू. मला सर्वांत जास्त भुरळ त्याचीच पडली आहे.

हे घर लिथियम आयर्न फॉस्फेटचं, आणि हा पदार्थ प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. तो निसर्गातला दगड आहे. ट्रायफिलाइट नावाचं हे खनिज बव्हेरियात सापडलं आणि १८३४ साली त्याची नोंद झाली. संग्रहालयांच्या कपाटात ते दीडशेहून अधिक वर्षं पडून होतं. हा दगड वीज साठवू शकेल, असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९९७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात तिघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातली पहिली दोन नावं भारतीय आहेत: अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी. तिसरं नाव जॉन गुडइनफ. या दगडातून लिथियम काढता येतं, परत घालता येतं आणि दगडाचा सांगाडा मोडत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा गुडइनफ ७४ वर्षांचे होते. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ साली त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ९७ वर्षांचे. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही.

आणि या दगडाच्या अणूंची मांडणी कोणत्या घराण्यातली? ऑलिव्हिनच्या. ऑलिव्हिन हे बेसाल्टमधलं हिरवट खनिज. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर चढून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. सातमाळा रांग त्याच कातळाची, आणि ऑलिव्हिन हे त्या कातळाच्या घटकांपैकी एक. त्यातल्या सिलिकॉनच्या जागी फॉस्फरस बसवा, धातूंच्या निम्म्या जागी लिथियम आणि निम्म्या जागी लोह ठेवा, की आपल्या सेलमधला पदार्थ तयार. राजधेरच्या गुहेत कातळावर ही पेटी टेकवाल तेव्हा पेटीच्या आत आणि पेटीच्या खाली एकाच घराण्यातले स्फटिक असतील.

दगड आहे म्हणून तो भरवशाचाही आहे. मोबाइलच्या बॅटरीत बहुधा कोबाल्टचं ऑक्साइड असतं. ते फार तापलं की आपल्यातला ऑक्सिजन सोडतं, आणि आगीला आतूनच हवा मिळते. इथं ऑक्सिजनला फॉस्फरसनं असं घट्ट धरून ठेवलेलं असतं की तो सहजी सुटत नाही. तंबूत, गुहेत, मुलाबाळांच्या जवळ ठेवायच्या पेटीसाठी हाच पदार्थ घ्यावा, असं मी आग्रहानं सांगतो. दुसरे काही लिथियम सेल याहून हलके असतात. त्या हलकेपणाचा मोह टाळा.

पण दगडातून वीज वाहील कशी? हीच तर अडचण होती. शुद्ध स्वरूपात हा पदार्थ विजेचा फार वाईट वाहक आहे, शिवाय लिथियमला त्यात एकाच दिशेच्या अरुंद बोळांतून जावं लागतं. एखादा गोटा जसाच्या तसा वापरला तर आतलं लिथियम बाहेर यायला युगं लागतील. उपाय काय केला? दगड इतका बारीक केला की एकेक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा व्हावा, आणि प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ लेप चढवला. हा लेप चढवायला बऱ्याचदा काय वापरतात? साखर किंवा ग्लुकोज! दगडाच्या पिठीत साखर मिसळायची आणि हवा लागू न देता भट्टीत तापवायची. साखरेतलं पाणी उडून जातं, कार्बन कणांना चिकटून राहतो आणि दगडातून वीज वाहू लागते.

आता कामाला लागू.

चारही सेल एकाच बॅचचे, एकाच क्षमतेचे घ्या. हा दुकानदाराशी घासाघीस करण्याचा मुद्दा नाही. एकामागे एक जोडलेल्या सेलमधून सारखाच प्रवाह जातो, त्यामुळे जो सर्वांत कमकुवत तो सगळ्यांची क्षमता ठरवतो. एक सेल रिकामा झाला की उरलेल्या तिघांमध्ये शिल्लक असूनही पेटी बंद. म्हणून जोडणीआधी चौघांना एका पातळीवर आणावं लागतं. चौघांचे प्लस एकत्र, चौघांचे मायनस एकत्र, आणि नेमक्या ३.६५ व्होल्टवर लावलेल्या चार्जरनं प्रवाह जवळजवळ थांबेपर्यंत चार्ज करायचं. याला वेळ लागतो, लागू द्या.

मग सेलना एकामागे एक जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या लावायच्या. सेलच्या माथ्यावरचं टोक बहुधा ॲल्युमिनिअमचं असतं, आणि ॲल्युमिनिअमची एक खोड आहे. हवा लागल्याबरोबर त्यावर स्वतःच्याच ऑक्साइडची अदृश्य साय धरते. ती साय विजेला अडवते. बारीक पॉलिश पेपरनं टोक हलकेच घासा, धूळ पुसा आणि लगेच पट्टी बसवून नट आवळा. जोर जपून लावा, कारण या आट्या पितळेच्या नाहीत, मऊ आहेत. जाड वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, लावताना ती पकडीनं चेपू नका, क्रिम्पिंगचं हत्यार मागून आणा. नीट दाबलेल्या थिंबलमध्ये तांब्याच्या तारा एकमेकींत इतक्या घट्ट रुततात की मधे हवेलाही जागा उरत नाही; म्हणून तो सांधा वर्षानुवर्षं गंजत नाही. सैल सांधा मात्र तापतो, तापून आणखी सैल होतो आणि शेवटी प्लॅस्टिक वितळवतो.

हे सगळं करताना हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा आणि पान्याला मुठीपासून टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. का? १२ व्होल्टनं शॉक तर बसत नाही! खरं आहे, कोरड्या कातडीला हे व्होल्ट भेदू शकत नाहीत. पण सेलच्या आतला अवरोध एखाद-दुसऱ्या मिलीओहमचा असतो. उघडा पाना दोन टोकांवर आडवा पडला तर हजारभर अँपिअर वाहू शकतात. गावातलं वेल्डिंग मशीन शे-दोनशे अँपिअरवर लोखंड वितळवतं. आता अंगठीचं काय होईल याची कल्पना करा.

म्हणूनच पेटीतली सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत मोठी: फ्यूज. सेलच्या प्लस टोकाला शक्य तितक्या जवळ, बाकी काहीही जोडण्याच्या आधी. ३०० वॉटच्या इन्व्हर्टरला ३० अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. त्यासाठी ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज ठीक. मात्र तो डीसीचाच हवा. घरात शिल्लक पडलेली एमसीबी लावण्याचा मोह होतो, तो आवरा. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. एमसीबी उघडली की तिच्या तोंडाशी ठिणगीचा झोत पेटतो आणि पुढच्या शून्याला आपोआप विझतो. बॅटरीच्या विजेला शून्यच नाही! ती एकसारखी वाहते आणि झोत जळतच राहू शकतो. डीसीचे स्विच आणि फ्यूज वेगळे बनवतात ते यासाठी.

यानंतर येतं ते सेलना सांभाळणारं हिरवं किंवा निळं पातळ सर्किट, बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. त्यातून निघालेल्या बारीक तारा प्रत्येक सेलच्या टोकाला लागतात. क्रम चुकू देऊ नका, प्रत्येक तार लावण्याआधी मल्टिमीटरनं तपासा. एकदा जोडलं की ते डोळ्यात तेल घालून बसतं. कुठलाही सेल ३.६५ व्होल्टच्या वर जाऊ लागला की चार्जिंग बंद, २.५ च्या खाली जाऊ लागला की पुरवठा बंद, शॉर्ट झालं तर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत सगळंच बंद. हे ‘बंद’ करतं कोण? आत कुठंही हलणारा खटका नाही. मॉसफेट नावाचे शेंगदाण्याहून लहान काळे तुकडे रांगेत बसलेले असतात. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनमध्ये, नुसतं वरून व्होल्टेज दाखवून, ते तीस अँपिअरची वाट उघडतात किंवा मिटवतात. मोहम्मद अताल्ला आणि डावॉन कांग यांनी बेल लॅब्जमध्ये १९५९-६० च्या सुमारास घडवलेली ही युक्ती. आपल्या फोनमधल्या अब्जावधी ट्रान्झिस्टरांचं मूळही तेच.

पेटी किती भरली आहे हे कसं ओळखायचं? फवारणी पंपाच्या बॅटरीचं व्होल्टेज उतरत जातं, त्यावरून अंदाज येतो. इथं तो डाव चालत नाही. जवळपास भरलेल्या अवस्थेपासून पार तळ गाठेपर्यंत हे सेल ३.२-३.३ व्होल्टवर ठाण मांडून बसतात. कारण पुन्हा त्या दगडातच आहे. लिथियम बाहेर निघताना कणांमध्ये लिथियमवाला आणि बिनलिथियमचा असे दोनच प्रकार राहतात. एकाचं प्रमाण घटतं, दुसऱ्याचं वाढतं, पण दोघांचा स्वभाव बदलत नाही, म्हणून व्होल्टेजही बदलत नाही. दिव्याला आणि फोनला हे फार सोयीचं आहे. मोजणाऱ्यानं मात्र आत गेलेला आणि बाहेर पडलेला प्रवाह सतत मोजून जमाखर्च ठेवणारा मीटर लावावा. स्वस्त मिळतो आणि बघत बसावंसं वाटतं.

इन्व्हर्टरची करामत थोडक्यात. तो १२ व्होल्टच्या विजेला सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करतो, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून तिचं व्होल्टेज चढवतो आणि मग तिचे तुकडे करकरून ५० हर्ट्झची गुळगुळीत लाट पुन्हा बांधतो. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरला तो जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण तो सेकंदाला पन्नासच फेऱ्या मारतो. फेऱ्या वाढवल्या की लोखंडाचं ओझं उतरतं. पण त्या २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टला पोहोचतं. पेटीत जीव घेऊ शकेल अशी ही जागा. इन्व्हर्टर तयार, नावाजलेल्या कंपनीचा, प्युअर साइन वेव्हचा घ्या आणि कधीही उघडू नका.

खरं तर त्याचा वापर कमीच करा. तो रिकामा चालू ठेवला तरी काही वॉट खातो. फोनसाठी थेट यूएसबी-सी सॉकेट लावा. तिथं आणखी एक नवल: फोन लावल्याबरोबर सॉकेट मुकाट्यानं ५ व्होल्ट देतं, मग फोन आणि सॉकेट एकमेकांशी बोलतात. तुझ्याकडे काय काय आहे? ५, ९, १५, २०. मला ९ दे. सौदा ठरल्यावरच व्होल्टेज वर चढतं. हे संभाषण एका बारीक तारेवर, डोळ्याची पापणी लवण्याच्या आसपासच्या वेळात उरकतं.

आता पेटीवर काय काय चालेल? ५ वॉटचा एलईडी दिवा ६५ ते ७० तास. फोन पंधराएक वेळा पूर्ण भरेल. आणि चहाचं पाणी? एक लिटर पाणी उकळायला ८७ वॉट-तास लागतात, गळती धरून शंभर. म्हणजे सगळी पेटी ओतली तरी साडेतीन लिटरच पाणी उकळेल. शिवाय दीड हजार वॉटची किटली या सेलना झेपणारच नाही. जी ऊर्जा माणसाला कळसूबाईच्या वर नेते, जी तीन रात्री गुहा उजळते, ती साडेतीन लिटर पाण्यातच संपते! उष्णता ही निसर्गातली सर्वांत महागडी चैन आहे. म्हणून चूल पेटवायची ती सरपणावर नाही तर छोट्या गॅसवर, आणि पेटी ठेवायची उजेडासाठी, फोनसाठी.

पायथ्याला दोन दिवस तळ असेल तर १०० वॉटची घडीची सोलर पाटी आणि लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचा कंट्रोलर सोबत घ्या. चांदवडच्या स्वच्छ उन्हात एका दिवसात ही पेटी जवळपास भरते. सूर्यावरून आठ मिनिटांपूर्वी निघालेला प्रकाश पाटीतल्या सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटा करतो, तो इलेक्ट्रॉन आपल्या दगडातून लिथियमला ओढून ग्रॅफाइटमध्ये नेऊन बसवतो, आणि रात्री भाकरीवर पडतो तो त्याच दुपारच्या उन्हाचा उजेड.

हे सेल थंडीला आणि उन्हाला आपापल्या तऱ्हेनं बिचकतात. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरायच्या ऐवजी बाहेरच धातू होऊन साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. शेजारच्या निफाडला कडाका पडला तरी सहसा एवढी वेळ येत नाही, पण पेटी हिमालयात नेणार असाल तर लक्षात ठेवा. आपल्याकडचा खरा शत्रू मे महिना. बंद गाडीच्या डिकीत पेटी कधीही ठेवू नका. वापर नसेल तेव्हा अर्धी भरून, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. विमानात मात्र ती नेता येत नाही. १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला सोबत नेऊ देत नाहीत.

गडावर नेण्याआधी शेवटची जोडणी एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. मग घरीच ५ वॉटचा एक दिवा लावून पेटी पूर्ण रिकामी होऊ द्या आणि तास लिहून ठेवा. साठच्या पुढं गेली तर काम चोख झालं. फार आधी बंद पडली तर बीएमएसनं कोणत्या सेलपाशी हात टेकले ते मल्टिमीटरनं शोधा. बहुतेक वेळा तो सेल नीट भरलेला नसतो किंवा त्याचा नट सैल असतो. आणि कितीतरी वर्षांनी सेल खरोखरच दमले, तर ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. विकत घेतानाच दुकानदाराला त्याबद्दल विचारून ठेवा.